पेंटमध्ये सोळा बाय सोळा ठिपक्यांची रांगोळी: नवशिक्यांसाठी

विंडोजमधलं चित्रं काढायचं पेंट म्हटलं की शाळेतली कॉम्प्युटर लॅब आठवते, नाहीतर एमएस-सीआयटीचा क्लास. दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. झोपडीत लाल रंग ओतावा तर कुठल्यातरी फटीतून तो सगळ्या पानभर पसरायचा आणि तेवढ्यात बॅच संपायची. त्यानंतर पेंट उघडतं ते फक्त स्क्रीनशॉट कापायला. डिजिटल चित्रं काढायची तर महागडं सॉफ्टवेअर हवं, पेन टॅब्लेट हवा, अशी समजूत तिथूनच पक्की होते.

पेंटमध्ये माउसने हातचं चित्र काढायला बसलात तर ते वाकडंच येणार, त्यात तुमचा दोष नाही. पण कापणं, चिकटवणं, उलटवणं आणि एक रंग दुसऱ्या रंगाने बदलणं, ही चार कामं पेंट अगदी पिक्सेलभरही, म्हणजे चित्रातल्या सगळ्यात बारीक चौकोनाभरही, न चुकता करतं. म्हणून ब्रशच्या मागे लागू नका. आधी सिलेक्शन, म्हणजे चित्राचा भाग निवडणं, शिका, आरसा शिका, रंग बदलायचा रबर शिका. चित्र या तीन गोष्टींतून उभं राहतं.

हे सगळं शिकायला रांगोळीसारखा विषय नाही. सपाट रंग, ठिपक्यांचा हिशेब आणि चारही बाजूंना तोच नमुना, म्हणजे पेंटला जे जमतं तेच नेमकं. या लेखात आपण गेरूच्या जमिनीवर सोळा बाय सोळा ठिपक्यांची एक रांगोळी पुरी करू आणि जाता जाता युक्त्या शिकू. शेवटी दिवाळीचं शुभेच्छापत्र हातात असेल.

पेंटला कमी लेखणाऱ्यांसाठी दोन ओळी. विंडोजच्या १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून ते सोबत आहे. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'यापुढे विकास नाही' अशा सुविधांच्या यादीत त्याचं नाव टाकलं, तेव्हा जगभरातून इतकी ओरड झाली की पेंट विंडोज स्टोअरवर फुकट मिळत राहील असं कंपनीला लगेच सांगावं लागलं. अमेरिकेतले हॅल लास्को (१९१५–२०१४) हे निवृत्त टायपोग्राफर म्हातारपणी पेंटमध्येच चित्रं काढत. नजर अधू झाली होती, पण पेंटमध्ये चित्र हवं तेवढं मोठं करून एकेक पिक्सेल भरता यायचा.

इथल्या सूचना विंडोज १० मधल्या पेंटच्या आहेत. विंडोज ११ मध्ये बटणांची चित्रं आणि जागा बदलल्या आहेत, पण कामं बहुतेक तीच आहेत. मोठा फरक लेयरचा, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांचा, त्याबद्दल मध्ये सांगतो.

आधीची तयारी

माउसचा वेग कमी करा. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' अशी एक खूण असते, तीही काढा. नाव अचूकतेचं असलं तरी ती खूण असताना हात जोरात हलवला की बाण जास्त लांब पळतो, हळू हलवला की कमी. चित्र काढणाऱ्याला ते नको. हात जितका सरकेल तितकीच रेघ सरकायला हवी.

चित्र मोठं-लहान करायला कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा. खालच्या पट्टीत डावीकडे बाण कुठे आहे त्याचे आकडे दिसतात आणि सिलेक्शन केलं की त्याची लांबी-रुंदीही. ही पट्टी दिसत नसेल तर 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'स्टेटस बार'वर खूण करा. पट्टी नसताना हा लेख पुढे वाचूच नका, पुढचं सगळं काम आकड्यांवर आहे.

फाइल पहिल्यापासून पीएनजीमध्ये ठेवा. जेपीजी फाइल लहान व्हावी म्हणून रंगांत बारीक फेरफार करते. डोळ्याला ते कळत नाही, पण पेंटला कळतं: तुमचा एकसारखा लाल रंग उघडून पाहावा तर वीस जवळजवळच्या लालांचा झालेला असतो. मग रंग नीट भरत नाही आणि रंग बदलणारा रबर अर्धवट काम करतो. प्रत्येक टप्प्यानंतर एफ-१२ दाबून नव्या नावाने जतन करा: रांगोळी-१, रांगोळी-२. कंट्रोल-झेडचा भरवसा फाइल बंद करेपर्यंतच.

रेघ कडक की मऊ

या लेखातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल.

नव्या पानावर ब्रशने एक तिरकी रेघ मारा, शेजारी पेन्सिलने तशीच दुसरी. आता ८०० टक्के मोठं करून बघा. पेन्सिलची रेघ म्हणजे सरळ सरळ पायऱ्या: हा पिक्सेल काळा, पुढचा पांढरा, मध्ये काही नाही. ब्रशच्या रेघेला मात्र दोन्ही काठांना राखाडी पिक्सेलची किनार असते. लांबून रेघ गुळगुळीत दिसावी म्हणून प्रोग्रामने ती मुद्दाम घातलेली असते. विंडोज ७ पासून गोल, बाण, वक्र रेघ या तयार आकारांनाही अशीच मऊ किनार येते.

ही किनारच नवशिक्यांना छळते. मऊ रेघेच्या आत रंग ओतला की काठाला पांढुरकी कड उरते, कारण रंग ओतायच्या साधनाला, म्हणजे बादलीला, तो राखाडी पिक्सेल भिंतीसारखा वाटतो. असा तुकडा कापून दुसरीकडे चिकटवला की भोवती घाणेरडी प्रभा येते. लोक म्हणतात पेंट भिकार आहे. पेंट अक्षरशः सांगितलं तेवढंच करतं, इतकंच.

उपाय सोपा आहे. सगळं काम पेन्सिलने, कडक काठांनी करायचं, तेही लागणार आहे त्याच्या दुप्पट आकारात. सगळं झालं की चित्र निम्मं लहान करायचं. लहान करताना पेंट शेजारचे पिक्सेल मिसळतं आणि पायऱ्या आपोआप गुळगुळीत होतात. मऊपणा शेवटी एकदाच आणायचा, मध्येच नाही.

पेन्सिलची जाडी यादीत चार पिक्सेलपर्यंतच दिसते. ती आणखी वाढवायला कंट्रोल दाबून कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या भागातलं अधिकचं चिन्ह दाबत राहा, कमी करायला वजाचं. रबरही असाच कितीही मोठा होतो. लॅपटॉपला आकड्यांचा भाग नसेल तर विंडोज-कंट्रोल-ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड आणा आणि त्याच्या पर्यायांतून आकड्यांचा भाग चालू करा. विंडोज ११ मध्ये जाडीसाठी बाजूला सरकपट्टीच दिली आहे, तिथे ही कसरत लागत नाही.

एका ठिपक्यापासून चौसष्ट

दोनशे छप्पन्न ठिपके हाताने द्यायची गरज नाही. एक द्यायचा.

कंट्रोल-ई दाबा. कागदाचा आकार विचारणारी चौकट येईल. एकक पिक्सेल ठेवून रुंदी १२०, उंची १२० करा. या छोट्या चौकोनात बादलीने गेरूचा रंग भरा. 'एडिट कलर्स'मध्ये लाल १५०, हिरवा ६०, निळा ४० दिलात तर सारवलेल्या अंगणाच्या जवळपास जाणारा गेरू मिळतो. मग ठिपक्यासाठी असा भडक रंग निवडा जो रांगोळीत कुठेही वापरणार नाही. मी राणी रंग घेतो: २५५, ०, २५५. पेन्सिल सोळा पिक्सेल जाड करा, खालच्या पट्टीत ६०, ६० आकडे येतील तिथे बाण न्या आणि एकदाच क्लिक करा.

आता आरशाची युक्ती. ती नीट वाचा, पुढे परत लागणार आहे.

१. कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, कंट्रोल-सी ने कॉपी करा.
२. कंट्रोल-ई दाबून फक्त रुंदी दुप्पट करा: २४०. उजवीकडे कोरी जागा येईल.
३. काहीही निवडलेलं नसताना 'रोटेट'मधलं 'फ्लिप हॉरिझॉन्टल' करा. अख्खा कागद उलटतो, म्हणजे तुमचा चौकोन आरशातल्यासारखा उजवीकडे जातो आणि कोरी जागा डावीकडे येते.
४. कंट्रोल-व्ही. कॉपी केलेला मूळ चौकोन वरच्या डाव्या कोपऱ्यात येऊन बसतो. बाहेर क्लिक करा.

काहीही ओढावं लागलं नाही, जुळवावं लागलं नाही, पिक्सेलचाही फरक पडला नाही. आता हेच उभ्या दिशेने: कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, उंची २४०, 'फ्लिप व्हर्टिकल', कंट्रोल-व्ही. चार ठिपके झाले. आणखी एक फेरी केली की ४८० चा कागद आणि सोळा ठिपके, त्यानंतरच्या फेरीला ९६० चा कागद आणि चौसष्ट.

दोन ठिकाणी पाय घसरतो. चिकटवलेला तुकडा कागदाच्या कोपऱ्यात येत नाही, खिडकीत दिसणाऱ्या भागाच्या कोपऱ्यात येतो. म्हणून चिकटवण्याआधी चित्र इतकं लहान करा की अख्खा कागद दिसेल. आणि कंट्रोल-ई ऐवजी कंट्रोल-डब्ल्यू दाबू नका. कंट्रोल-डब्ल्यू चित्रच ताणतं, कंट्रोल-ई फक्त कागद वाढवतं.

ठिपक्यांची अंतरं एकदा कमी, एकदा जास्त अशी दिसली तर पहिला ठिपका मधोमध नव्हता असं समजा. आरशामुळे दोन पिक्सेलची चूक चार पिक्सेलची होते. कंट्रोल-झेड करत बसू नका, १२० च्या चौकोनापासून पुन्हा करा, दोन मिनिटांचं काम आहे. या पद्धतीने सम आकड्याचे चौकोनी ठिपकेच येतात, हेही सांगून ठेवतो. पंधरा ते आठ असे कमी होत जाणारे एकाआड एक ठिपके हवे असतील तर त्याला वेगळी मांडणी लागते. पहिल्या रांगोळीला ती नको.

पाव रांगोळी

आपल्यासमोर ९६० चा कागद आहे आणि त्यावर आठ बाय आठ ठिपके. ही आपली पाव रांगोळी. घडी घालून कापलेल्या कागदी फुलासारखंच हे काम आहे, घडी उघडली की फूल पुरं होतं. रांगोळीचं केंद्र या कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे, हे मनाशी पक्कं धरा. तिकडे कमळाचा गाभा येणार, वरच्या डाव्या कोपऱ्यात रांगोळीचं बाहेरचं टोक.

सरळ रेघांसाठी पेन्सिल घ्या, शिफ्ट दाबून ठेवा आणि ओढा. रेघ आडवी, उभी किंवा बरोबर पंचेचाळीस अंशांत येते. ठिपक्यांच्या रांगोळीला बहुतेक वेळा एवढंच पुरतं. रंग पांढरा, जाडी आठ पिक्सेल.

पाकळ्यांसाठी वक्र रेघेचं साधन आहे, त्याला पेंटमध्ये 'कर्व्ह' म्हणतात. बऱ्याच जणांना ते बिघडलंय असं वाटतं, कारण ते तीन टप्प्यांत चालतं. आधी एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत सरळ रेघ ओढायची. मग रेघेच्या मधोमध धरून बाजूला ओढायचं, ती वाकते. मग दुसरा बाक द्यायची संधी मिळते. दुसरा बाक नको असेल तर पहिला जिथे सोडला तिथेच पुन्हा क्लिक करायचं. त्याच दोन ठिपक्यांमध्ये उलट्या बाजूला दुसरी रेघ वाकवली की पाकळी तयार.

पण ही रेघ मऊ काठाची असते. म्हणून 'कर्व्ह' पाच पिक्सेलचा घ्या आणि त्यावरून आठ पिक्सेलची पांढरी पेन्सिल फिरवून गिरवा. ४०० टक्के मोठं करून, एकेक इंच, हात उचलत. लांब झोकात गिरवायला गेलात तर पेन्सिल बाहेर जाणारच. कंटाळवाणं आहे, पण एकच पाकळी गिरवायची आहे. पुढच्या पाकळ्या तिच्याच प्रती.

प्रत काढायला 'सिलेक्ट'च्या खालच्या बाणात 'ट्रान्स्परंट सिलेक्शन' असतं, ते चालू करा. 'कलर २' गेरू ठेवा, तोच अचूक गेरू. तो घ्यायला कलर पिकरने, म्हणजे चित्रातला रंग उचलायच्या साधनाने, जमिनीवर उजवं क्लिक करा: डावं क्लिक रंग 'कलर १'मध्ये टाकतं, उजवं 'कलर २'मध्ये. आता पाकळीभोवती चौकोन ओढून निवडा, कंट्रोल दाबून ओढा. मूळ पाकळी जागेवर राहते, प्रत हाताला येते आणि प्रतीतला गेरूचा भाग पारदर्शक असल्यामुळे खालच्या रेघा झाकल्या जात नाहीत. ठिपकेही सोबत आले तर येऊ द्या, ते नंतर उडवायचे आहेत. जागेवर बसवायला बाणाच्या कळा वापरा, एका दाबाला एक पिक्सेल सरकतं.

काठांकडे लक्ष द्या. उजव्या किंवा खालच्या काठाला चिकटून जाणारी रेघ आरशानंतर दुप्पट जाड होते. म्हणून तिथली रेघ चारच पिक्सेलची ठेवा. काठाला तिरकी येऊन थांबणारी रेघ मात्र पलीकडच्या रेघेला भेटून सुरेख टोक तयार करते. पाकळ्यांची टोकं मी मुद्दाम काठावरच आणतो.

आणि स्वस्तिक इथे काढू नका! आरसा डावं-उजवं बदलतो. पाव भागात काढलेलं स्वस्तिक चारपैकी दोन ठिकाणी उलटं येईल, आणि ते आजीच्या नजरेतून सुटणार नाही. गोपद्म, दिवा, कमळ यांना डावं-उजवं नसतं, ती बिनधास्त काढा. स्वस्तिक आणि अक्षरं सगळ्यात शेवटी.

ठिपके उडवणारा रबर

आता पेंटमधली माझी सगळ्यात लाडकी युक्ती. रबर निवडा. 'कलर १'मध्ये ठिपक्यांचा राणी रंग, 'कलर २'मध्ये गेरू. रबर चांगला मोठा करा आणि माउसचं उजवं बटण दाबून रांगोळीवरून खुशाल फिरवा. डावं बटण दाबलं तर सगळंच पुसलं जातं. उजवं दाबलं तर रबर फक्त 'कलर १'चा पिक्सेल शोधतो आणि त्या जागी 'कलर २' ठेवतो. पांढऱ्या रेघांना धक्का लागत नाही, ठिपके मात्र नाहीसे.

ठिपके भडक रंगाचे का घेतले ते आता कळलं असेल. रंग भरल्यावर मन बदललं तरी हाच रबर कामाला येतो: पिवळा केशरी करायचा असेल तर बादली घेऊन प्रत्येक घरात जायची गरज नाही, एक हात फिरवला की झालं.

विंडोज ११ वाल्यांकडे २०२३ पासून लेयर आहेत. ठिपके खालच्या लेयरवर, रेघा वरच्या लेयरवर ठेवल्या तर हा रबरही लागत नाही, खालचा लेयर काढून टाकला की काम भागतं. मात्र आरशाची युक्ती करताना लेयर एकच असू द्या.

रंग

रंग पाव रांगोळीतच भरा, जोडण्याच्या आधी. एक घर भरलं की पुढे चार भरतात.

रंगांची थाळी कागदावरच ठेवा. कंट्रोल-ई ने रुंदी ११६० करा, उजवीकडे दोनशे पिक्सेलची पट्टी मिळते. तिथे लागणाऱ्या रंगांचे ठसे मारून ठेवा आणि कलर पिकरने उचलत जा. काम झालं की रुंदी पुन्हा ९६०, पट्टी कापली जाते. चार-पाच रंग पुरे: हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, एक हिरवा, एक निळा आणि रेघांचा पांढरा. पेंटच्या तयार चौकटीतले रंग जसेच्या तसे वापरू नका, ते एकत्र आले की जत्रेतल्या फुग्यांसारखे भांडतात. 'एडिट कलर्स'मध्ये जाऊन प्रत्येकाचा भडकपणा थोडा खाली आणा.

रंग बाहेर सांडला तर कुठेतरी फट आहे. कंट्रोल-झेड करा, घर मोठं करून दोन रेघा जिथे भेटतात ते कोपरे बघा. फट बहुतेक तिथेच असते, एखाद्या पिक्सेलची. पेन्सिलने बुजवा.

दोन पाकळ्या एकाच रंगाच्या, पण पुढे त्यांच्यावर वेगवेगळं काम करायचं असेल, तर एकीला लाल २००, ३०, ४० द्या आणि दुसरीला २०१, ३०, ४०. डोळ्याला फरक दिसत नाही, पेंटला मात्र हे दोन वेगळे रंग आहेत. याचा फायदा लवकरच दिसेल.

आता आरशाची तीच युक्ती: रुंदी १९२०, मग उंची १९२०. सोळा बाय सोळा ठिपक्यांवरची पुरी रांगोळी समोर येते. इथे थोडं थांबून लांबून बघा. पावात छान दिसणारा एखादा आकार पुऱ्यात गर्दी करतो. तसं झालं तर पावावर परत जा, रांगोळी-३ नावाने ठेवलेली फाइल त्यासाठीच आहे.

रांगोळीची कणी

सपाट रंग अजून प्लास्टिकचे वाटतात. खऱ्या रांगोळीत कण दिसतात, एका चिमटीत कुठे दाट, कुठे विरळ. पेंटमधला एअरब्रश हेच करतो, बारीक ठिपके उडवतो आणि एका जागी धरून ठेवला तर दाट होत जातो. अडचण एवढीच की तो रेघ ओलांडून बाहेरही उडतो. त्यावर साचा लावायचा.

समजा लाल पाकळ्यांवर कणी हवी आहे. कलर पिकरने पाकळीवर उजवं क्लिक करा, म्हणजे तोच लाल 'कलर २'मध्ये येईल. 'ट्रान्स्परंट सिलेक्शन' चालू आहे ना, बघा. कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. मग एस्केप दाबून सिलेक्शन सोडा. आता एअरब्रशने त्याहून गडद लाल, मग थोडा गुलाबी, पाकळ्यांवरून आणि आजूबाजूलाही बिनधास्त उडवा. रेघा, जमीन, शेजारचा पिवळा, सगळं माखू द्या. चित्र भीषण दिसेल. मग 'कलर २' तोच लाल आहे ना ते पाहून कंट्रोल-व्ही.

स्वच्छ रांगोळी परत येते, पण लाल होता तिथे तिला भोकं आहेत आणि त्या भोकांतून खालची कणी दिसते. एकही कण बाहेर नाही. चिकटवल्यावर बाहेर क्लिक करा आणि पुढच्या रंगाला लागा: पिवळा 'कलर २'मध्ये, परत तेच. दोन लालांमधला एका आकड्याचा फरक इथे उपयोगी पडतो, कारण आतल्या पाकळ्यांना गुलाबी कणी आणि बाहेरच्यांना गडद कणी देता येते. पाकळीच्या बुडाशी दाट आणि टोकाकडे विरळ उडवलीत तर छटेचाही भास होतो.

हे काम जोडल्यानंतरच का? पाव भागात कणी उडवून आरसा केला तर चारही बाजूंना कण तंतोतंत सारखे येतात आणि डोळा ते लगेच पकडतो. आकृती चारही बाजूंना सारखी हवी, कणी नको. बारीक गोष्ट आहे, पण छापील स्टिकर आणि हातची रांगोळी यांच्यात फरक पडतो तो याच कणीमुळे.

कणी झाली की 'ट्रान्स्परंट सिलेक्शन' बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी काहीतरी चिकटवताना अर्धं चित्र गायब झाल्यासारखं वाटेल.

स्वस्तिक किंवा लक्ष्मीची पावलं आता काढा, पेन्सिल आणि शिफ्ट वापरून.

तोरण

हे ऐच्छिक आहे, पण मुलांना फार आवडतं. बाजूला गेरूवर एक छोटं झेंडूचं फूल काढा, तीस-चाळीस पिक्सेलचं. 'कलर २' गेरू, 'ट्रान्स्परंट सिलेक्शन' तेवढ्यापुरतं चालू, फूल निवडा, शिफ्ट दाबून ओढत न्या. फूल स्वतःचा माग सोडत जातं आणि फुलांची दाटीवाटीची माळ होते. हळू ओढलं की दाट, झटकन ओढलं की सुटी. शिफ्टऐवजी कंट्रोल दाबून ओढलं आणि सोडलं, असं पुन्हा पुन्हा केलं तर एकेक फूल हवं तिथे बसतं. माळ कागदाच्या वरच्या काठाला लावा.

अक्षरं आणि शेवट

चित्र १९२० चं आहे तसं पीएनजीमध्ये जतन करा. मग एफ-१२ ने दुसऱ्या नावाची प्रत काढून त्या प्रतीवर कंट्रोल-डब्ल्यू दाबा, टक्क्यांत ५० द्या. ९६० चं गुळगुळीत चित्र मिळेल. पेन्सिलच्या पायऱ्या कुठे गेल्या ते शोधून बघा.

शुभेच्छा या लहान प्रतीवर लिहायच्या, म्हणजे अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. कंट्रोल-ई ने उंची ११६० करा, खालच्या पट्टीत गेरू भरा आणि 'टेक्स्ट'चं साधन घ्या. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोजमधले निर्मला यूआय किंवा मंगल हे फॉन्ट पेंटमध्ये जोडाक्षरं नीट दाखवतात. डीटीपीच्या जुन्या फॉन्टच्या भानगडीत पडू नका, त्यांचा कीबोर्डच वेगळा असतो. चौकटीच्या बाहेर क्लिक केलं की अक्षरं चित्राचा भाग होतात, मग शुद्धलेखन सुधारता येत नाही. म्हणून 'दीपावली'तला दी दीर्घ आहे ना, हे क्लिक करायच्या आधी बघा. पांढऱ्या अक्षरांना थोडा उठाव हवा असेल तर तेच शब्द आधी काळ्या रंगात लिहा, मग 'ट्रान्स्परंट' पर्याय ठेवून तीन पिक्सेल वर-डावीकडे पांढऱ्यात पुन्हा लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलंत तर ते चित्र दाबून लहान करतं आणि सगळ्यात आधी बळी जातो तो कणीचा. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जशीच्या तशी फाइल पोचते. छापायचं असेल तर १९२० ची प्रत वापरा: इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ती साधारण ६.४ इंची चौकोनी छापली जाते, म्हणजे शुभेच्छापत्राला पुरेशी. पायऱ्या त्या आकाराला सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. दुकानात पेन ड्राइव्ह देताना मात्र पीएनजीच छापा असं सांगा, कारण काही जण सवयीने फाइल आधी जेपीजीत बदलून घेतात.